मालवणच्या वाळूंतील डांबर

मालवणच्या किनाऱ्यावर वैशाखाच्या अखेरीस किंवा मृगाच्या तोंडावर अनवाणी हिंडणाऱ्या माणसाला एक अनुभव बहुधा चुकत नाहीं. वाळू स्वच्छ दिसत असते, लाट येऊन मागें सरते, आणि घरीं परतून पाय धुवावयास बसावें तों तळव्याला एक काळा, चिकट, साबणाला न जुमानणारा डाग लागलेला आढळतो. चिवल्यापासून तारकर्ली-देवबागेपर्यंत आणि खालीं निवतीपासून वेंगुर्लें-शिरोड्यापर्यंत भरतीच्या रेषेवर, सुरूच्या काड्यांत व शिंपल्यांच्या चुऱ्यांत, हे काळे गोळे पडलेले असतात. कांहीं सुपारीएवढे, कांहीं लिंबाएवढे, तर एखाद्या वर्षीं त्याहूनहि मोठे. सकाळीं ते खड्यासारखे घट्ट असतात. दुपारच्या उन्हांत बोटाचा ठसा उमटावा इतके मऊ होतात. रापणीच्या जाळ्याला ते लागले म्हणजे जाळें साफ करण्यांत दिवस मोडतो.

समुद्र आपली घाण बाहेर टाकतो, असें या गोळ्यांसंबंधीं सहज म्हटलें जातें. त्यांत एक गोष्ट खरी आहे आणि एक खोटी. हा पदार्थ मूळचा निसर्गानेंच घडविलेला आहे, हें खरें. परंतु तो वाळूवर आणून टाकण्याचें काम निसर्गानें एकट्यानें केलेलें नाहीं. हा भेद नीट कळावयाचा तर या काळ्या गोळ्याच्या कुळाची ओळख करून घ्यावी लागते. आणि तें कुळ इतकें मोठें, इतक्या निरनिराळ्या रूपांनीं वावरणारें आहे कीं, त्यांतील कित्येक मंडळी एकमेकांचीं भावंडें आहेत हें पाहणाऱ्याला खरें वाटूं नये.

स्वयंपाकघरांतील सिलिंडरमधला गॅस, जुन्या कंदिलांतील रॉकेल, वीज गेली तर असावी म्हणून फडताळांत ठेवलेली मेणबत्ती, औषधांच्या पेटींतील व्हॅसलीन आणि दारापुढील रस्त्यावरचें डांबर, हे पांचहि पदार्थ मुख्यतः दोनच मूलद्रव्यांचे झालेले आहेत. एक कर्ब आणि दुसरें उज्ज. म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. म्हणूनच या कुळाला हायड्रोकार्बन असें जोडनांव मिळालें. घटक दोनच असतां एक वायु, एक पातळ, एक घट्ट आणि एक धड घट्टहि नाहीं व पातळहि नाहीं, असें कां व्हावें?

याचें कारण कर्बाच्या स्वभावांत आहे. कर्बाच्या प्रत्येक परमाणूला जणूं चार हात असतात आणि तो आपल्याच जातीच्या दुसऱ्या परमाणूंचा हात धरून लांबच लांब सांखळ्या करूं शकतो. जे हात मोकळे राहतात ते उज्ज धरतो. सांखळींत एकच कर्ब असला तर तो मिथेन वायु. त्याचा द्रव करावयाचा तर त्याला शून्याखालीं १६१ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड करावें लागतें. तीन आणि चार कर्बांचे ते प्रोपेन व ब्यूटेन, म्हणजे आपल्या सिलिंडरमधील गॅस. ब्यूटेन शून्याच्या किंचित् खालींच उकळतो. म्हणून थोड्याशा दाबाखालीं तो द्रव होऊन राहतो आणि भरलेलें सिलिंडर हलविलें असतां आंत कांहींतरी डचमळल्याचा भास होतो, तो भास नसून खरेंच आहे. पांचपासून सोळा-सतरा कर्बांपर्यंतचीं द्रव्यें नेहमींच्या उष्णतेंत पातळ असतात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल हीं त्या पंक्तींतलीं. अठरा कर्बांची सरळ सांखळी २८ अंशांवर वितळते. तेव्हां मालवणांत ती माघाच्या पहाटे मेण आणि वैशाखाच्या दुपारीं तेल असेल. त्यापुढच्या सांखळ्या मेणबत्तीच्या. रेणु जितका लांब तितकें त्याला शेजारच्या रेणूंचें आकर्षण अधिक, आणि त्यांच्यांतून सुटून निघावयास उष्णता अधिक. एवढेंच या साऱ्या फरकाचें मूळ आहे.

मराठीनें या पदार्थांना दिलेलीं नांवें पाहण्याजोगीं आहेत. ‘घासलेट’ हा गॅसलाइटचा अपभ्रंश. वस्तूऐवजीं तिच्या उजेडाचें नांव वस्तूला चिकटलें. ‘रॉकेल’ मात्र शास्त्राला धरून आहे. रॉक ऑइल म्हणजे खडकाचें तेल, आणि पेट्रोलियम या लॅटिन शब्दाचाहि अर्थ तोच.

सांखळीची लांबी हेंच सर्वस्व नव्हे. आकारहि पाहावा लागतो. कपड्यांच्या पेटींत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या मूळच्या नॅफ्थलीनच्या. दगडी कोळशाच्या डांबरांतून तें काढीत, म्हणून हें नांव. नॅफ्थलीनच्या रेणूंत दहा कर्ब असतात. रॉकेलमधील डेकेन नांवाच्या द्रव्याच्या रेणूंतहि दहाच. परंतु डेकेन वाहतें तेल आहे, तर नॅफ्थलीन ८० अंशांपर्यंत वितळत नाहीं आणि न वितळतांच हळूहळू हवेंत उडून जातें. पेटींतली गोळी वर्षाअखेर झिजलेली दिसते ती यामुळें. कारण डेकेनचे दहा कर्ब रांगेनें उभे आहेत, आणि नॅफ्थलीनचे दोन कड्यांत बसलेले आहेत. कड्यांचे रेणु सपाट. ते चवडीसारखे एकावर एक रचले जातात आणि सहजासहजीं सुटत नाहींत. सरळ वा फांद्या फुटलेल्या सांखळ्या, साधीं कडीं आणि बेंझिनच्या घडणीचीं कडीं, असे या कुळाचे तीन मोठे भाग शास्त्रज्ञ मानतात. चौथा एक गट उरतो. त्यांत अनेक कडीं एकमेकांत अडकलेलीं, त्यांत थोडें गंधक, नत्र व प्राणवायु मिसळलेला, असे अवजड रेणु असतात. हे कधीं उडत नाहींत, नीट वितळत नाहींत आणि रंगानें काळेकुट्ट असतात. डांबराचें डांबरपण यांच्यांत आहे.

हायड्रोकार्बन म्हटलें कीं मनांत विहीर, यंत्रें आणि धूर येतो. पण सिंधुदुर्गांत या कुळाची फार सुवासिक शाखाहि नांदते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं हापूस आंब्याच्या वासाचें पृथक्करण केलें तेव्हां त्यांत ओसिमीन नांवाच्या हायड्रोकार्बनाला प्रमुख स्थान असल्याचें दिसलें. देवगडच्या आढींतून जो दरवळ येतो त्याचा मोठा भाग कर्ब आणि उज्ज या दोघांचाच. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. त्या झाडांच्या चिकापासून मिळणारें रबरहि हजारों दुव्यांचा हायड्रोकार्बनच. वनस्पतींनीं हीं द्रव्यें आज घडविलीं. खडकांतलें तेल कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या जीवांनीं दिलें. अंतर काळाचें आहे.

तें तेल कसें झालें, याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. उथळ, संथ समुद्राच्या तळाशीं सूक्ष्म वनस्पति व जंतु मरून गाळांत गाडले जातात. प्राणवायु न मिळाल्यामुळें ते पुरते कुजत नाहींत. वर थरावर थर चढत जातो, गाळ खोल दबतो आणि पृथ्वीच्या पोटांतील उष्णता त्याला लागते. सुमारें ६० ते १५० अंशांच्या दरम्यान त्यांतून तेल सुटूं लागतें. आंच त्याहून वाढली तर सांखळ्या तुटून वायूच अधिक होतो. म्हणजे तेल हा मंद आंचेवरचा पदार्थ आहे. तें सुटलें कीं वर चढतें, आणि वाटेंत छिद्रयुक्त खडक व त्यावर घट्ट झांकण मिळालें तर तेथें सांचून राहतें. झांकण नसेल तर तें पृथ्वीच्या पाठीवर येऊन उघडें पडतें.

मुंबईच्या वायव्येस सुमारें १६० किलोमीटरांवर असें झांकण होतें. १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ या वेधनौकेनें तेथें तेल शोधून काढलें आणि १९७६ च्या मे महिन्यांत ‘बॉम्बे हाय’चें उत्पादन सुरू झालें. तेथील तेल चुनखडकाच्या छिद्रांत भरलेलें आहे. एखाद्या भूमिगत तळ्याची कल्पना करणें चुकीचें, पाण्यानें निथळणाऱ्या विटेची कल्पना अधिक जवळची. हें तेल हलकें आहे, त्यांत गंधक थोडें आहे, आणि मेण मात्र बरेंच आहे. त्यामुळें थंड झालें कीं तें गोठूं लागतें. त्याबरोबर वायूहि येतो. खोलवरच्या दाबाखालीं तो तेलांत विरघळलेला असतो आणि वर येतांच, गोटीसोड्याची बाटली फोडल्याप्रमाणें, फसफसून वेगळा होतो. एकाच विहिरींतून वायु, द्रव आणि घट्ट होऊं पाहणारें मेण, तिन्ही अवस्था एकदम हातीं लागतात. नैसर्गिक तेल हा एक पदार्थ नसून शेंकडों-हजारों पदार्थांचा मेळा आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें सारें सोपें होतें.

मग तेंच तेल मालवणच्या जमिनीखालीं कां नसावें? उत्तर खडकांत आहे. देवगड-कणकवलीकडील काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा. मालवण-कुडाळ-सावंतवाडीकडे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात, ते एकदां भट्टींतून निघाल्यासारखे भाजलेले व दाबलेले आहेत. आणि या सर्वांवर जांभ्याचें पांघरूण. यांतल्या एकाहि जागीं समुद्राच्या गाळाचा तो जाड, मंद आंचेवर शिजलेला थर नाहीं. जांभ्याखालीं कांहीं ठिकाणीं लिग्नाइटचे, म्हणजे अर्धवट झालेल्या तपकिरी कोळशाचे पातळ थर सांपडतात. तें बुडालेल्या झाडझाडोऱ्याचें अवशेष आहे, तेल नव्हे. अपवादहि नोंदण्यासारखा आहे. मुंबई बेटावरील खडकांच्या पोकळ्यांत नैसर्गिक डांबराचे अंश आढळले होते आणि भूस्तरशास्त्रज्ञ फॉक्स यांनीं १९२२ सालीं त्यांवर लेख लिहिला. त्या वेळीं तें एक नवल वाटलें. मुंबईच्या समुद्राखालीं तेल सांपडावयास अजून बावन्न वर्षें अवकाश होता.

वायुरूप हायड्रोकार्बन मात्र सिंधुदुर्गाला नवा नाहीं. शेवाळलेल्या तळ्याचा गाळ काठीनें ढवळला कीं बुडबुडे वर येतात, त्यांत मिथेन असतो. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १७७६ सालीं माजोरे सरोवराच्या कांठीं असेच बुडबुडे बाटलींत धरून पेटवून दाखविले. गोबरगॅसच्या टाकींत तोच वायु मुद्दाम करवून घेतला जातो. कांगड्यास ज्वालामुखीच्या देवळांत खडकाच्या भेगेंतून निघणारी जी ज्योत भाविक पाहतात तीहि भूगर्भांतील अशाच वायूची. कोंकण-गोव्यासमोरच्या समुद्रांत, किनाऱ्यालगतच्या चिखलांत, वायु कोंडलेला असल्याचें दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें दाखविलें आहे. लहरी त्या चिखलाशीं पोंचल्या कीं खालचें चित्र झांकोळून जातें.

हाच वायु घन रूपानेंहि राहतो, आणि तें रूप सर्वांत चमत्कारिक. खोल समुद्रांत, जेथें दाब प्रचंड आणि पाणी अतिशय थंड असतें, तेथें पाण्याचे रेणु मिथेनभोंवतीं पिंजरा करून बर्फ होतात. हें बर्फ पेटतें. एक घनफूट बर्फांतून सुमारें १६० घनफूट वायु निघतो. भारत सरकारनें २००६ सालीं ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ हें वेधनजहाज आणून याचा शोध केला. केरळ-कोंकणच्या समुद्रांत पहिलें छिद्र पाडलें, तेथें हें बर्फ मिळालें नाहीं. पूर्वेकडे कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर मात्र सुमारें १३० मीटर जाडीचा थर लागला.

आतां काळ्या गोळ्याकडे वळावें. डांबर घन कीं द्रव, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत प्राध्यापक पार्नेल यांनीं १९२७ सालीं डांबर एका नरसाळ्यांत ओतून ठेवलें. हातोडी मारली तर तें कांचेसारखें फुटतें. पण नरसाळ्याचें तोंड मोकळें केल्यापासून तें थेंबाथेंबानें गळत आहे. पहिला थेंब १९३८ सालीं पडला, नववा २०१४ सालीं. म्हणजे डांबर हा अतिशय आळशी द्रव होय. त्रिनिदाद बेटांत ला ब्रे येथें असें नैसर्गिक डांबर सुमारें शंभर एकरांच्या तळ्यांत भरलें आहे, आणि त्या तळ्यावरून माणूस चालूं शकतो. एका जागीं फार वेळ उभें राहणें मात्र बरें नव्हे.

समुद्रावर सांडलेलें कच्चें तेल याच वाटेनें जातें, फक्त फार झपाट्यानें. पहिल्या एकदोन दिवसांत हलक्या सांखळ्या उडून जातात. हलक्या तेलाचा तिसरा हिस्सा, कधीं अर्धाहि, असा नाहींसा होतो. उरलेल्यांत लाटा पाणी घुसळतात आणि ताकांतून लोणी यावें तसा एक तपकिरी, जाड लगदा तयार होतो. ऊन त्याला प्राणवायूशीं जोडून वरून कठीण करतें. लगद्याचे तुकडे होतात, ते लाटांवर लोळून गोल बनतात, वाळू व शिंपल्यांचा चुरा अंगाला लागून जड होतात. हाच तो डांबरगोळा. मेळ्यांतील चपळ मंडळी निघून गेली आणि अवजड मंडळी मागें उरली, इतकेंच झालें.

हें तेल सांडतें कोठून? समुद्राच्या तळांतील नैसर्गिक भेगांतूनहि तेल झिरपतें, आणि जगाचा विचार केला तर तें थोडें नाहीं. २००३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अहवालांत सर्व समुद्रांत दरसाल मिसळणाऱ्या सुमारें तेरा लक्ष टन तेलांपैकीं सहा लक्ष टन या झिरप्यांचें मानलें होतें. परंतु सरासरीचा हिशेब एका विशिष्ट किनाऱ्याला लावणें धोक्याचें असतें. गोव्याच्या गोळ्यांचें रासायनिक पृथक्करण करून २०१३ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत त्या नमुन्यांचें मूळ तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्यांत, आणि तें तेलहि आग्नेय आशियांतील, असें निघालें. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर २०१२ च्या जुलैंत गोळा केलेल्या नमुन्यांत मात्र बॉम्बे हायच्या तेलाची खूण मिळाली.

ही खूण कशी पटते, तें मोठें मनोरंजक आहे. प्राचीन जंतूंच्या शरीरांतील कांहीं बहुकडी रेणु तेलांत जवळजवळ मूळ सांगाड्यासह टिकून राहतात. ते उडत नाहींत, सहसा कुजत नाहींत, आणि त्यांचें परस्पर प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रांत वेगळें असतें. गोळा कितीहि झिजला तरी त्याच्या घराण्याची ही मुद्रा पुसली जात नाहीं. तेलाच्या टाक्या धुऊन पाणी वाटेल तेथें समुद्रांत सोडण्याला १९८३ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराची बंदी आहे. अरबी समुद्र मोठा आहे आणि रात्र काळोखी असते. म्हणून बंदी असूनहि गोळे येतात. मुद्रेवरून तेलाचा गांव कळतो, जहाजाचें नांव कळत नाहीं, ही त्यांतली खरी अडचण.

आणि ते पावसाळ्याच्या तोंडींच कां येतात? नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला कीं समुद्रावर तरंगणारें सर्व कांहीं किनाऱ्याकडे ढकललें जातें. शिवाय या ऋतूंत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यांत सांडलेलें तेल दुसरीकडे जातें. ज्येष्ठांत सांडलेलें कोंकण-गोव्याच्या अंगणांत येतें. समुद्र घाण बाहेर टाकतो, हा समज या वाऱ्यामुळें झालेला आहे.

हायड्रोकार्बनाची अवस्था हा केवळ पुस्तकी विषय नव्हे, याचा प्रत्यय सिंधुदुर्गाला २०२२ सालीं आला. १६ सप्टेंबर रोजीं खोर फक्कान बंदराहून न्यू मंगळूरकडे निघालेलें ‘पार्थ’ नांवाचें जहाज रत्नागिरीच्या पश्चिमेस सुमारें चाळीस सागरी मैलांवर पाणी शिरून कलंडलें. तटरक्षक दलानें त्यावरील १९ जणांना वांचविलें, जहाज बुडालें. त्यांत सुमारें ३,९०० टन आस्फाल्ट, म्हणजे शुद्धीकरणानंतर उरलेलें रस्त्याचें डांबर, होतें. आंकडा ऐकून देवगड-विजयदुर्गापासून खालपर्यंत काळजी पसरली, आणि ती स्वाभाविक होती. परंतु डांबर जहाजांत शंभराहून अधिक अंशांवर तापवून पातळ ठेवलेलें असतें. थंड पाण्याचा स्पर्श होतांच तें थिजतें. त्याचें वजनहि समुद्राच्या पाण्याइतकें किंवा किंचित् अधिक असतें. त्यामुळें तें टाकींतच दगडासारखें बसून राहण्याचा किंवा तळाशीं जाण्याचा संभव जास्त. खरी धास्ती असते ती जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाला लागणाऱ्या तेलाची. तें टनांनीं थोडें, पण पातळ. तें फटींतून बाहेर येतें, तरंगतें, पसरतें आणि वाऱ्याबरोबर किनारा गांठतें. हजारों टन घनापेक्षां थोडके टन द्रव अधिक भयंकर ठरतो, हें त्या प्रसंगानें दाखविलें. आणि बुडालेल्या टाक्यांचें लोखंड वर्षानुवर्षें गंजत राहतें, ही गोष्टहि विसरतां येण्यासारखी नाहीं.

मालवणच्या समुद्रांत गमावण्यासारखें पुष्कळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं प्रवाळ आहेत आणि तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वायंगणी, तांबळडेग येथील वाळूंत कांसवें अंडीं घालतात आणि शेवटचीं पिलें बाहेर पडण्याचा काळ उन्हाळ्याच्या अखेरीस डांबर येण्याच्या काळाला टेंकतो. तळहाताएवढ्या पिलाला भरतीची रेषा ओलांडून पाण्याकडे जावयाचें असतें, आणि गोळे नेमके त्याच रेषेवर असतात. कोळ्याचें नुकसान अधिक साधें आहे: जाळें डागाळतें, माशाला वास लागतो, आणि वास लागलेला मासा लिलावांत पडून राहतो.

या डांबराला खाणारेहि आहेत. समुद्रांत कांहीं सूक्ष्म जंतु असे आहेत कीं त्यांचें मुख्य अन्न हायड्रोकार्बन. १९९८ सालीं वर्णन झालेला ‘अल्कॅनिव्होरॅक्स’ हा त्यांतला प्रसिद्ध. माणसानें तेल सांडण्यापूर्वीं ते काय खात होते? समुद्रांतील निळ्या-हिरव्या सूक्ष्म वनस्पति स्वतःच हायड्रोकार्बन तयार करतात, वर्षाकाठीं कोट्यवधि टन, असें २०१५ सालच्या संशोधनांत दिसून आलें. सांडलेल्या तेलाच्या मानानें हें उत्पन्न फार मोठें; पण तें सर्व समुद्रभर विखुरलेलें असतें आणि जंतु तें लगोलग फस्त करतात. तेलगोळा म्हणजे एका जागीं आलेला ढीग. त्यांतहि हे जंतु आधीं सरळ सांखळ्या खातात, मग फांद्यांच्या, मग साधीं कडीं. अडकलेल्या कड्यांच्या अवजड रेणूंकडे ते वळतच नाहींत. गोळा बाहेरून वाळलेला असल्यामुळें आंत प्राणवायूहि पोंचत नाहीं. म्हणून सांडलेलें तेल पातळ थरांत असतां महिन्यांत कुजतें, आणि त्याचाच गोळा झाला म्हणजे वर्षें काढतो.

पायाला लागलेला डाग साबणपाण्यानें निघत नाहीं, कारण पाण्याचे रेणु या कुळाला जवळ करीत नाहींत. खोबरेल तेल चोळलें तर मात्र तो सुटतो. तेलाच्या रेणूंतील लांब सांखळ्या हायड्रोकार्बनाच्या नात्यांतल्याच. त्यानंतर साबण लावावा. रॉकेलनेंहि डाग जातो, परंतु त्यानें कातडी भाजल्यासारखी होते, आणि मुलांच्या अंगाला तें कधींच लावूं नये. वाळूंतले गोळे उचलावयाचे तर हातांत मोजे घालून, थोड्या वाळूसकट, सकाळीं ते घट्ट असतांना उचलावे. दुपारीं ते फांसून वाळूंत मिसळतात. ते जाळूं नयेत, धूर विषारी असतो. खड्डा करून पुरण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, तीहि निरुपयोगी. पावसाळ्यांत समुद्र कोंकणची पुळण कित्येक फूट खरवडून नेतो आणि हिवाळ्यांत परत आणून टाकतो. त्यामुळें यंदा पुरलेलें डांबर पुढल्या आषाढांत पुन्हां वर आलेलें असतें.